निकालाच्या पुढचं पान

सुरू होऊन दोन-तीन मिनिटं झाली नसतील, तेवढ्यात निकाल लागला. अण्णांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत डोळ्यांवर चढवला आणि मला म्हणाले, "अगं, जरा मागं घे. हा मधूनच लागला वाटतं."

मधून लागलेला नव्हता. पेरी मेसन मालिकेतला 'द केस ऑफ द डेडली व्हर्डिक्ट' हा भाग असाच सुरू होतो. जेनिस बार्टन नावाची तरुण बाई आत्याच्या खुनाच्या आरोपावरून उभी आहे, शेजारी तिचा वकील पेरी मेसन आहे. ज्युरी म्हणते, दोषी. शिक्षा मृत्युदंडाची. इतर भागांत खून होतो, पोलीस येतात, चुकीच्या माणसाला धरतात, मग शेवटच्या दहा मिनिटांत कोर्टात उलगडा होतो. इथं उलगड्याची जागा पहिल्याच दृश्यानं घेतली आहे, आणि मेसन हरलेला आहे.

ही मालिका अमेरिकेत सीबीएसवर २१ सप्टेंबर १९५७ला सुरू झाली आणि २२ मे १९६६ला संपली. नऊ सीझन, २७१ भाग. हा भाग सातव्या सीझनमधला, १७ ऑक्टोबर १९६३चा. रेमंड बरला म्हणजे पडद्यावरच्या मेसनला एका बाईंनी एकदा विचारलं होतं, की तुम्ही दर वेळी जिंकता कसे? तो म्हणाला, बाईसाहेब, तुम्ही माझे फक्त शनिवारचे खटले बघता. बरीच वर्षं मालिका शनिवारी संध्याकाळी लागायची, म्हणून ते उत्तर. आठवड्यातल्या उरलेल्या दिवसांत काय होत असेल, हे लोकांना एवढ्या उघडपणे दाखवणारे भाग फार थोडे आहेत, आणि त्यातला मला सगळ्यात जवळचा हा.

अण्णांना मेसन अर्ल स्टॅन्ले गार्डनरच्या पुस्तकांतून भेटला होता. अण्णा आमच्या जिल्ह्याच्या कोर्टात स्टेनो होते. छत्तीस वर्षं नोकरी केली. नोकरी लागली तेव्हा इंग्रजी शॉर्टहँडचा स्पीड होता, पण इंग्रजी भाषा म्हणावी तशी सरावाची नव्हती. एका वकीलसाहेबांनी त्यांना सांगितलं, कायद्याची पुस्तकं नंतर वाच, आधी गार्डनर वाच. पुण्याला गेले की फूटपाथवर जुन्या पुस्तकांचे ढीग उपसून ते मेसनची पाकीटबुकं आणत. कव्हर फाटलेली, पानं पिवळी, पहिल्या पानावर कुणातरी अनोळखी माणसाची सही. घरी खाकी कव्हर घालून त्यावर स्वतःच्या वळणदार अक्षरात क्रमांक टाकत. गार्डनरनं मेसनच्या ऐंशीच्या वर कादंबऱ्या लिहिल्या, अण्णांकडे एकेचाळीस होत्या. त्यात 'टेरिफाइड टायपिस्ट' त्यांची फार लाडकी. नावात टायपिस्ट आहे म्हणून असेल. त्याही गोष्टीत ज्युरी 'दोषी' म्हणते, पण तिथं अशिलानं आपली ओळखच खोटी सांगितलेली असते, त्यामुळं ती हार मेसनच्या अंगाला लागत नाही. जेनिस बार्टन मात्र खरीखुरी त्याची अशील आहे, आणि निरपराध आहे.

अमेरिकेहून दादानं सगळ्या भागांचा डीव्हीडी संच आणला तेव्हा अण्णा सत्तरीच्या पुढे होते. गुडघ्यांमुळं बाहेर जाणं कमी झालेलं. दुपारी चहा झाला की मी एक भाग लावायची. आई स्वयंपाकघरातून विचारायची, "आज कोण मेलं?" आणि अण्णा तिला अगदी गंभीरपणे मयताचं नाव, वय आणि व्यवसाय सांगायचे. रिपोर्ट सादर करावा तसा.

त्यांचं बघणं माझ्यापेक्षा निराळं होतं. मी बरचे डोळे बघायची. केवढे बोलतात ते डोळे! साक्षीदार खोटं बोलायला लागला की तो नुसता थोडा वेळ गप्प राहतो, आणि समोरच्याचा घसा कोरडा पडलेला आपल्याला जाणवतो. या माणसानं मेसन होण्याआधी बहुतेक खलनायकच रंगवले होते. १९५१च्या 'अ प्लेस इन द सन' या चित्रपटात तर तो सरकारी वकील आहे, कोर्टात वल्हं मोडून दाखवतो आणि आरोपीला मृत्यूच्या खुर्चीपर्यंत पोचवतो. मालिकेच्या निर्मात्या गेल पॅट्रिक जॅक्सन यांना ते काम लक्षात राहिलं होतं. त्या स्वतः आधी अभिनेत्री होत्या आणि काही काळ कायदाही शिकल्या होत्या. बरला बोलावलं ते सरकारी वकील हॅमिल्टन बर्गरच्या भूमिकेसाठी. गार्डनरनं त्याला बघितलं आणि म्हणाला, हाच मेसन.

अण्णा मात्र कोर्ट रिपोर्टरकडे बघायचे. साक्षीदाराच्या पिंजऱ्यापुढं एक माणूस छोट्या यंत्रावर बोटं चालवत बसलेला असतो. त्याला संवाद नसतात. कॅमेरा त्याच्यावरून फिरतो, थांबत नाही. "बघ, मान वर करत नाही," अण्णा म्हणायचे. "बरोबर आहे. मान वर केली की शब्द गेला."

ते म्हणायचे, अमेरिकेत प्रश्न आणि उत्तर दोन्ही जसंच्या तसं उतरवतात. आपल्या जिल्ह्याच्या कोर्टात तसं नसायचं. वकील प्रश्न विचारतो, साक्षीदार उत्तर देतो, न्यायाधीश त्या दोहोंचं मिळून एक वाक्य करतात आणि ते स्टेनोला सांगतात. "मी सदर इसमास ओळखतो. घटनेच्या वेळी मी गोठ्यात होतो." प्रश्न नाहीसा होतो, उत्तर उरतं. उलटतपासणीचा शेवट तर ठरलेला. "मी खोटी साक्ष देत आहे हे म्हणणे खरे नाही." हे वाक्य अण्णांनी छत्तीस वर्षांत किती वेळा टाइप केलं असेल, याची मोजदाद नाही. झोपेतही त्यांचं बोट त्या वाक्यावर चुकलं नसतं. प्रत्येक साक्षीदार तेच म्हणतो, खरा असो की शिकवलेला. कागदावर दोघांचं वाक्य एकसारखं दिसतं.

मेसनच्या कोर्टात शेवटी कुणीतरी बाकावरून उठतं आणि "होय, मीच केलं" म्हणून रडू लागतं. असं मी एकदाही पाहिलं नाही, अण्णा सांगायचे. रडणारी माणसं पाहिली ती व्हरांड्यात. आरोपीची आई, मयताची बायको. एकाच नळाचं पाणी पिणारी.

आणखी एक गोष्ट त्यांनी मला दाखवून दिली, जी मी एकटीनं बघितली असती तर कधीच कळली नसती. मेसनचे बहुतेक खटले हे खटले नसतातच. ती प्राथमिक चौकशी असते. आरोपीला पुढं ज्युरीसमोर उभं करण्याइतका पुरावा आहे की नाही, एवढंच न्यायाधीश तिथं ठरवतो. म्हणून बारा माणसांचे बाक रिकामे दिसतात. "आपल्याकडं पूर्वी कमिटल असायचं, तसं," अण्णा म्हणाले. १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनं ती साक्षीपुराव्याची पायरी काढून टाकली. म्हणजे मेसन बहुतेक वेळा दारातच सामना जिंकतो. डेडली व्हर्डिक्टमध्ये तो घराच्या आत गेला आहे, ज्युरीसमोर, आणि तिथं हरला आहे.

ज्युरी म्हणजे काय हे मला लहानपणी अण्णांनी नानावटी खटल्यावरून सांगितलं होतं. मुंबईच्या सत्र न्यायालयात १९५९ साली आठ विरुद्ध एक अशा मतांनी ज्युरीनं कमांडर नानावटींना निर्दोष ठरवलं. न्यायाधीशांना तो कौल पटला नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडं पाठवलं आणि तिथं जन्मठेप झाली. मला तेव्हा एवढंच कळलं होतं, की बारा किंवा नऊ चांगली माणसं एका खोलीत बसली तरी चूक होऊ शकते आणि एकटा न्यायाधीश बसला तरी होऊ शकते.

तर जेनिस बार्टन. ज्युली अ‍ॅडम्सनं ही भूमिका केली आहे. बाईचा चेहरा निकाल ऐकताना नुसता रिकामा होतो, आणि मला त्या चेहऱ्यासाठी हा भाग पुन्हा पुन्हा बघावासा वाटतो. तिनं आपल्याच वकिलापासून काही लपवलं आहे. खुनी कोण हे मी सांगणार नाही, ज्यांनी पाहिला नाही त्यांनी तो स्वतः बघावा. मला बोलायचं आहे ते मधल्या भागाबद्दल. मेसन ऑफिसात परत येतो. त्याची सेक्रेटरी डेला स्ट्रीट आहे, खासगी गुप्तहेर पॉल ड्रेक आहे, सगळं रोजच्यासारखं आहे, फक्त आता तारीख ठरलेली आहे. प्रत्येक भागात मेसन अशिलाला वाचवायला धावतो, पण इथं त्याला कायद्याच्या मागे धावायचं आहे, कायदा पुढे निघून गेलेला असताना.

ऑक्टोबर १९६३मध्ये कॅलिफोर्नियाच्या घराघरात हे बघणाऱ्या लोकांना ती तारीख म्हणजे काय ते नीट माहीत होतं. सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात विषारी वायूची कोठडी होती, १९३८पासून वापरात. सव्वा वर्षापूर्वीच, ८ ऑगस्ट १९६२ला, तिथं एलिझाबेथ डंकन या बाईला मारण्यात आलं होतं. तिच्यावरचा खटला चालला होता व्हेंच्युरा काउंटीत, आणि व्हेंच्युरा म्हणजे गार्डनरनं जिथं वकिली केली ते गाव. डंकन निरपराध होती असं मी म्हणत नाही. पण बाईमाणसाला शेवटी माफी मिळतेच, असं कुणी प्रेक्षक मनाशी म्हणाला असेल तर त्याला तो दिलासा उरलेला नव्हता.

आणि त्याच्या दोन वर्षं आधीचा कॅरिल चेसमन. अण्णांना चेसमनची हकिगत एका जुन्या मासिकात वाचायला मिळाली होती आणि ती त्यांच्या मनातून कधी गेली नाही. त्यांच्यातल्या स्टेनोला ती लागली होती. चेसमनवर १९४८ साली लॉस एंजेलिसला खटला चालला. खुनाचा आरोप नव्हता, अपहरणाचा आणि बलात्काराचा होता, त्या वेळच्या कायद्यानं त्याला मृत्युदंड होता. त्यानं स्वतःच स्वतःचा बचाव केला आणि हरला. खटला संपला, आणि कोर्टाचा शॉर्टहँड रिपोर्टर वारला. त्याच्या वह्यांतला बराचसा भाग टाइप व्हायचाच राहिला होता. मग दुसऱ्या रिपोर्टरला बसवलं आणि मेलेल्या माणसाच्या रेघोट्यांवरून खटल्याचं रेकॉर्ड पुरं करून घेतलं. तो दुसरा रिपोर्टर सरकारी वकिलाच्या नात्यातला होता.

हे सांगताना अण्णांचा आवाज चढायचा. "दुसऱ्याचं शॉर्टहँड कुणाला वाचता येत नाही. नियम एकच, पुस्तक एकच, तरी येत नाही. प्रत्येकजण घाईत आपापल्या सवलती घेतो. अगं, माझंच आठवड्यानं मला वाचता येत नाही, म्हणून तर रात्री बसून टाइप करायचो."

त्या रेकॉर्डवरून चेसमन वर्षानुवर्षं भांडला. १० जून १९५७ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की ते रेकॉर्ड पक्कं केलं जात असताना चेसमन स्वतः तिथं नव्हता आणि त्याच्या बाजूनं वकीलही नव्हता, हे योग्य झालं नाही. तीनच महिन्यांनी मेसनचा पहिला भाग दाखवला गेला. रेकॉर्ड पुन्हा तपासलं गेलं, शिक्षा कायम राहिली. आठ वेळा मृत्यू लांबणीवर पडला. २ मे १९६०ला सकाळी एका न्यायाधीशानं थोड्या वेळाची आणखी स्थगिती दिली, त्याच्या सेक्रेटरीनं तुरुंगाला फोन लावला. पहिल्यांदा नंबर चुकीचा फिरला. दुसऱ्यांदा लागला तेव्हा कोठडीत वायू सोडलेला होता.

अण्णांना शेवटच्या फोनपेक्षा त्या वह्यांचं जास्त वाटायचं. फोनचा एक आकडा चुकला हे दुर्दैव, ते म्हणायचे. वह्या चुकल्या असतील तर ते आमच्या जातीचं पाप.

गार्डनरबद्दल त्यांना जे प्रेम होतं, त्याचंही मूळ मला इथंच सापडतं. गार्डनर कायद्याच्या कॉलेजातून शिकून बाहेर पडलेला माणूस नव्हता. वकिलांच्या ऑफिसात टायपिस्ट म्हणून काम करत, स्वतःच वाचत त्यानं १९११ साली वकिलीची परीक्षा दिली. ऑक्सनार्ड आणि व्हेंच्युरात त्यानं गरीब चिनी लोकांचे खटले चालवले. लिहू लागला तेव्हा सुरुवातीला स्वतः टाइप करायचा, पुढं तोंडी सांगायला लागला, आणि टेमेक्युलाच्या त्याच्या रँचवर एकामागून एक सेक्रेटरी त्याचे शब्द उतरवून घ्यायच्या. डेला स्ट्रीटमध्ये त्या बायकांची सावली आहे. अण्णा म्हणायचे, ज्याला टायपिस्टचं काम माहीत आहे असा एकच लेखक झाला.

पण खरी गोष्ट पुढची आहे. १९४०च्या दशकात विल्यम मार्विन लिंडली नावाचा एक कैदी सॅन क्वेंटिनमध्ये मृत्यूची वाट बघत होता. त्याच्या वकिलानं गार्डनरला गळ घातली, की एकदा फक्त खटल्याचे कागद वाचा. गार्डनरनं ते सगळं रेकॉर्ड वाचून काढलं. कुणी कुणाला कुठं किती वाजता पाहिलं, याचा त्यानं हिशेब मांडला, आणि त्याच्या लक्षात आलं की साक्षीदार सांगतात त्या वेळी लिंडली त्या जागी असूच शकत नाही. त्यानं पत्रं लिहिली, पाठपुरावा केला. मृत्युदंड थांबला, शिक्षा जन्मठेपेवर आली. या कामातून १९४८ साली त्यानं 'आर्गोसी' मासिकाचा प्रकाशक हॅरी स्टीगर याच्या साथीनं 'कोर्ट ऑफ लास्ट रिसॉर्ट' उभं केलं. डॉक्टर, गुप्तहेर, लाय डिटेक्टरचे जाणकार, तुरुंगाचा माजी अधिकारी असे लोक फी न घेता अशा कैद्यांची प्रकरणं पुन्हा उघडून बघायचे, ज्यांच्यासाठी कायद्याची सगळी दारं बंद झाली होती.

डेडली व्हर्डिक्ट बघताना मला मेसनच्या मागं तो खरा गार्डनर दिसतो, टेबलावर टाइप केलेल्या पानांची चळत, आणि एकेक पान उलटणारा एक म्हातारा होत चाललेला वकील. कोणीतरी ती पानं नीट टाइप केली होती म्हणून त्याला वेळा जुळवता आल्या.

आता आमच्या घरची गोष्ट सांगते.

मी आठवीत होते. अण्णांच्या कोर्टात एक खुनाची केस चालली होती. कोणत्या गावची, कोण माणसं, हे इथं लिहीत नाही. एका संध्याकाळी अण्णा उशिरा घरी आले, जेवले नाहीत, ओसरीवर बसून राहिले. आईनं विचारलं तर म्हणाले, "साहेबांनी आज निब मोडलं." मला अर्थ कळला नाही. आईला कळला. फाशीच्या हुकमावर सही केली की न्यायाधीश त्या पेनाचं निब मोडून टाकतात, ही पद्धत तिला माहीत होती. तिनं काही न बोलता त्यांच्या पुढ्यातलं ताट उचललं.

त्या निकालाचं शेवटचं वाक्य अण्णांनी टाइप केलं होतं. छत्तीस वर्षांत एकदाच.

सत्र न्यायालयानं फाशी दिली तरी उच्च न्यायालयानं शिक्कामोर्तब केल्याशिवाय ती देता येत नाही. म्हणून सगळं रेकॉर्ड वर जातं. त्याचं पेपरबुक होतं, साक्षी, पंचनामे, निकाल, सगळं ओळीनं लावलेलं. ते दिवस मला आठवतात, कारण अण्णा रात्री घरी येऊन बोटांना तेल लावत बसायचे. कार्बन लावून पाच-पाच प्रती काढायच्या, गोदरेजचं मशीन जड, खालची प्रत उमटावी म्हणून की जोरात दाबावी लागायची. आईला एकदा म्हणाले, "लोकांना वाटतं निकाल लागला की कोर्ट सुटलं. आमचं काम तिथून पुढं असतं."

दीडेक वर्षानं निकाल आला. उच्च न्यायालयानं त्या माणसाला सोडून दिलं होतं. मुख्य साक्षीदारानं आरोपीला कंदिलाच्या उजेडात ओळखलं असं सांगितलं होतं, पण उलटतपासणीत त्याच्या तोंडून एक वाक्य गेलं होतं. "कंदील माझ्या हातात नव्हता. तो गव्हाणीजवळ टांगलेला होता." गव्हाण आणि जिथं खून झाला ती जागा, यातलं अंतर पंचनाम्यात होतं. खालच्या कोर्टानं त्या वाक्याला महत्त्व दिलं नव्हतं. वरच्या कोर्टानं निकालपत्रात ते वाक्य पानाच्या क्रमांकासकट घेतलं आणि संशयाचा फायदा दिला.

अण्णांनी ते निकालपत्र कोर्टात उभ्यानंच वाचलं. त्यांना ते वाक्य आठवत होतं. दुपारच्या सुट्टीला पाच मिनिटं होती. साहेब पुढं निघाले होते, आरोपीच्या बाजूचा वकील अगदी नवा, कोर्टानंच नेमून दिलेला. तो उभा राहून म्हणाला, "साहेब, एवढं एक रेकॉर्डवर घ्यावं." साहेबांनी मानेनं हो म्हटलं, वाक्य सांगितलं आणि अण्णांनी लिहून घेतलं. दोन ओळींच्या मध्ये, घाईत.

हे सगळं त्यांनी मला कधी सांगितलं? तेव्हा नाही. डेडली व्हर्डिक्ट बघून झाल्यावर. शेवटी जेनिस सुटते, मेसन, डेला, ड्रेक नेहमीप्रमाणे एकत्र बसतात आणि ती ओळखीची धून वाजते. फ्रेड स्टायनरची ती धून अण्णांना फार आवडायची, ते मांडीवर ठेका धरायचे. त्या दिवशी हात तसाच राहिला. मग कंदिलाची गोष्ट सांगितली. मी म्हटलं, "अण्णा, म्हणजे तुमच्यामुळं एक माणूस वाचला."

"त्या वकिलामुळं," ते म्हणाले. बराच वेळ गेला. मग म्हणाले, "बाई, मी तेव्हापासून एकच विचार करतो. ते वाक्य मी घेतलं. सुट्टीला पाच मिनिटं असताना अशी किती वाक्यं आली असतील? सगळी घेतली का मी? साहेब भरभर सांगायचे, पंखा कुरकुरायचा, कधी ताप असायचा अंगात. एखादं राहिलं असेल तर ते कुणाला कळणार? जे कागदावर आलंच नाही, ते वरचं कोर्ट कुठून वाचणार?"

मला उत्तर सुचलं नाही. आजही सुचत नाही. त्यांच्यासारख्या काटेकोर माणसानं इतकी वर्षं ही भीती बाळगली आणि आम्हाला तिचा पत्ता लागू दिला नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. बक्षीस, बढती, निरोपाच्या दिवशीची शाल, या सगळ्याच्या खाली ती भीती तशीच होती.

विल्यम टॉलमन हा बर्गरचं काम करणारा नट. वर्षानुवर्षं तो मेसनसमोर हरत राहिला, आणि इतका चांगला हरला की लोकांना त्याच्याविषयी माया वाटायची. पुढं त्याला फुफ्फुसाचा कर्करोग झाला. मरणाच्या थोडे आठवडे आधी त्यानं घरी कॅमेरा लावून सिगारेटविरुद्ध एक निवेदन चित्रित केलं. त्यात तो म्हणतो, कोर्टातल्या त्या लढाया हरण्याचं मला फारसं काही वाटलं नाही, पण आता मी जी लढाई लढतो आहे ती मला हरायची नाही. ३० ऑगस्ट १९६८ला तो गेला. हे मी अण्णांना सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "ते लिहून कोणी घेतलं?" मी म्हटलं, चित्रित केलंय अण्णा, लिहायची गरज नाही. त्यांना ते पटलं नाही.

तर त्या संध्याकाळी. आईनं दिवा लावला, वाटीत साखर-शेंगदाणे आणून ठेवले. अण्णा म्हणाले, "परत लाव. पहिल्यापासून."

मी लावला. ज्युरी आली. अण्णा पुढं सरकून बसले, डोळे बारीक करून पडद्याच्या कडेला शोधू लागले. रिपोर्टर कुठं बसला आहे ते बघत असावेत. मग म्हणाले, "पेन्सिल आण." मी वाण्याच्या यादीची चिठ्ठी उलटी करून दिली. चार दृश्यं होईपर्यंत ते लिहीत होते. मान वर केली नाही. आईनं दोनदा हाक मारली, ऐकू गेली नसावी. लिहून झाल्यावर चिठ्ठीच्या खाली त्यांनी तारीख घातली आणि सवयीनं छोटी सही केली.

त्या थंडीत अण्णा गेले. चिठ्ठी माझ्याकडे आहे. एका बाजूला गूळ, तूरडाळ, साबण, काडेपेटी, माझ्या अक्षरात. दुसऱ्या बाजूला फिकट रेषा, ठिपके, आकडे. शॉर्टहँड शिकवणाऱ्या एका बाईंना मी ती दाखवली. त्यांनी भिंग घेतलं, बराच वेळ बघितलं. "गिल्टी हा शब्द आहे," त्या म्हणाल्या, "आणि इथं बहुतेक 'युअर ऑनर'." बाकीचं त्यांना लागलं नाही.